थंडीत घरात गार पडलेली पाकोळी: बचावकार्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

डिसेंबर-जानेवारीत यवतमाळ, चंद्रपूरकडच्या खेड्यांतून येणारे फोन बरेचसे सारखेच असतात. कापूस भरलेल्या खोलीत, दारामागे किंवा कवेलूखालच्या फटीतून पडलेली एक पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ, सापडते. गार, हालचाल नाही. "मेलं वाट्टे, टाकू का उकिरड्यावर?" वन्यजीव बचावाच्या कामात येणाऱ्या पोरापोरींनी याचं उत्तर आधी पाठ करावं: टाकू नका, हातही लावू नका, टोपलं पालथं घालून ठेवा, आम्ही येतोय.

ती बहुधा मेलेली नसते. आपल्या घरांतली सगळ्यात लहान पाकोळी पाच ग्रॅमही भरत नाही. थंडीत किडे कमी आणि रात्री पारा दहा अंशांच्या आसपास, मग एवढ्याशा अंगाची ऊब टिकवायला चरबी पुरणार कुठून? म्हणून ती शरीराचं तापमान जवळजवळ भोवतालच्या हवेइतकं खाली आणते. हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास दिसेनासा होतो. जाग येताना ती थरथरते आणि अंगातली खास तपकिरी चरबी जाळून स्वतःच तापते. त्याला अर्धा तासही लागू शकतो. तेवढा धीर आपल्याला हवा.

इथे एक गल्लत होते. ब्रिटन, उत्तर अमेरिकेतल्या पाकोळ्या हिवाळ्यात महिनोन् महिने शीतनिद्रेत असतात. तिथे मध्येच उठवलेली पाकोळी साठवलेली चरबी गमावते आणि वसंतापर्यंत तग धरत नाही. म्हणून तिकडचे काही प्रशिक्षित लोक जखमी पाकोळी फ्रीजमध्येही सांभाळतात. ते वाचून आपल्याकडे कुणी फ्रीज उघडू नये. आपल्याकडे दुपारी चांगलं ऊन तापतं, आणि घरात सापडणारी पाकोळी सहसा काही तासांपुरतीच अशी गार पडलेली असते. पण एक नियम दोन्हीकडे सारखाच: चुलीजवळ, बल्बखाली किंवा उन्हात ठेवून तिला घाईने तापवायचं नाही.

आता सुरक्षितता, आणि यात मी कुणालाही सूट देत नाही. या कामात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. पाकोळीला उघड्या हाताने कधीच धरायचं नाही. जाड हातमोजे घाला आणि वरून सुती फडकं वापरा. तिचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण दिसेलच असं नाही. चावली, ओरखडलं किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आधी लस घेतली असली तरी जायचंच. घरात लहान लेकरू असेल आणि पाकोळी ते झोपलेल्या खोलीत सापडली असेल, तर आरोग्य केंद्रात जायचं घरच्यांना आवर्जून सांगा. तळहातावर पाकोळी घेऊन फोटो काढणाऱ्याला मी पुढच्या कामाला नेत नाही.

मग बुटांचा खोका. पेन्सिलीच्या टोकाएवढी भोकं पाडा. आत एका बाजूला कापड लटकवा म्हणजे तिला धरून लटकता येईल. बाटलीच्या झाकणात थोडंसं पाणी ठेवा. दूध, भात, फळ काहीही नको, ही किडे खाणारी आहे. झाकण चिकटपट्टीने बंद करा, कारण ती अगदी अरुंद फटीतून निसटते. खोका अंधाऱ्या, शांत खोलीत, मांजरापासून लांब ठेवा आणि दर दहा मिनिटांनी उघडून पाहू नका.

दिवसा सोडायची नाही, कावळे टपलेले असतात. अंधार पडायला लागला की खोका बाहेर न्या. जागी असेल तर कापडासकट झाडाच्या बुंध्याला किंवा भिंतीला, डोक्याएवढ्या उंचीवर टेकवा. सपाट जमिनीवरून उडणं अनेक पाकोळ्यांना जड जातं. रात्र झाली तरी ती हलली नाही, पंख फाटलेला असेल किंवा मांजराने तोंडात धरली असेल, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. मांजराच्या दातांची जखम बाहेरून बारीक दिसली तरी आत जंतू पसरतात, तिला पशुवैद्यच हवा. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर वन्यजीवांचं उपचार केंद्र आहे. घरी पाळायचा विचार मनात आणू नका.

घरच्यांशी बोलायला वेळ काढा, कारण पुढची पाकोळी त्यांच्याच हाती लागणार आहे. कापूस पेरणाऱ्या माणसाला मी टेक्सासचं सांगतो. तिथल्या कापसाच्या पट्ट्यात पाकोळ्या बोंडअळीचे पतंग खातात आणि त्यातून शेतकऱ्याचा पैसा वाचतो, हे अभ्यासकांनी मोजून दाखवलंय. हे ऐकून माणूस खुर्ची ओढून बसतो.

तरीही फट बुजवायचीच म्हणाले, तर भांडू नका. अंधार पडल्यावर सगळ्या पाकोळ्या बाहेर गेल्याची खात्री करूनच बुजवायला सांगा. आत पिल्लं असतील तर ती उडायला लागेपर्यंत थांबायला लावा, नाहीतर ती आतच उपाशी मरतात. थंडीत तर आधी टॉर्च मारून पाहाच, एखादी आत गार होऊन लटकलेली असू शकते.