एम.ए. झालं, पण सही चालली नाही

मानसशास्त्र घेऊन पुढं काय करता येतं, असं विचारायला मुलं-मुली माझ्याकडं येतात, तेव्हा मी आधी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका आईची गोष्ट सांगते.

एम.ए. करून मी नुकतीच एका खाजगी दवाखान्यात लागले होते. ती तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी त्याचा बुद्ध्यांक काढून हवा होता. मी सेगुइन फॉर्म बोर्ड मांडला. लाकडी पाटीत दहा आकारांच्या खोबणी असतात, तुकडे उचलून आपापल्या जागी बसवायचे, घड्याळ लावून, तीन वेळा. मुलानं चांदणी उचलली आणि तिच्या कडांवरून कितीतरी वेळ नुसतं बोट फिरवत राहिला. असलं काही त्याच्या हातात कधी आलंच नव्हतं. आईबाप ऊसतोडीला, शाळा अर्धं वर्ष बंद. आई पदराआडून त्याला जागा दाखवत होती, तिला मी हळूच थांबवलं. चाचण्या झाल्या, अहवाल लिहिला, खाली ऐटीत सही केली.

दुसऱ्या दिवशी ती जिल्ह्याला गेली आणि संध्याकाळी परत माझ्या दारात. "म्याडम, तुमची सही चालत न्हाई म्हणायलेत." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिची दिवसाची मजुरी बुडाली, दोघांचं एसटीचं भाडं गेलं, आणि ते माझ्यामुळं. ती सही चालणार नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून तुम्ही बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असतानाच हे समजून घ्या. बी.ए., एम.ए. झालं म्हणजे आपण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', म्हणजे रुग्णांना तपासणारे मानसशास्त्रज्ञ, होत नाही. १९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आपण जिला आरसीआय म्हणतो ती, त्यांची नोंदणी करते, आणि ती नोंदणी नव्हती म्हणूनच माझी सही चालली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं हे ठरवून दिलंय. एम.ए.नंतर दोन वर्षं पूर्णवेळ रुग्णालयात, देखरेखीखाली शिकून एम.फिल. करायचं, हा आजवरचा रूढ रस्ता. नव्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल. मागं पडतंय आणि परिषदेनं नवे अभ्यासक्रम आणलेत. म्हणून सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून बघा. जागा थोड्या असतात. बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थांच्या प्रवेश परीक्षांना देशभरातून मुलं बसतात. मला दुसऱ्या वेळी जागा मिळाली. त्या दोन वर्षांत मी जे शिकले ते पाच वर्षांच्या वर्गात शिकले नव्हते. माझी केस हिस्ट्री सरांनी तीनदा परत केली होती, कारण रुग्ण काय म्हणाला याऐवजी मला काय वाटलं तेच मी लिहून नेत होते.

हा रस्ता प्रत्येकानं धरलाच पाहिजे असं अजिबात नाही. नोंदणी नसतानाही पोटभर आणि मनापासून करण्यासारखं काम आपल्याकडं आहे. रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रांत, तपासणीच्या आधी आणि नंतर बोलायला समुपदेशक लागतो, त्यासाठी मानसशास्त्राची पदवी चालते. किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक आहेत. व्यसनमुक्ती केंद्रं, बालगृहं, महिलांसाठीची सखी केंद्रं इथंही समुपदेशकाच्या जागा निघतात. यातल्या बहुतेक जागा कंत्राटी असतात, करार संपत आला की जीव टांगणीला लागतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. काही जाहिरातींत एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवीच मागतात, त्यामुळं अर्ज भरण्याआधी पात्रतेची ओळ दोनदा वाचा.

शिकवायचं असेल तर वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट, कनिष्ठसाठी बी.एड. सेट झालेले माझे दोन वर्गमित्र अजून तासिका तत्त्वावर आहेत. शिकवतात जीव ओतून, पण सुट्टीतले महिने पगाराविना जातात. हे अन्यायाचं आहे आणि या वाटेनं जाणाऱ्याला ते माहीत असलं पाहिजे. राज्याच्या न्यायसहायक, म्हणजे गुन्ह्यांतले पुरावे तपासणाऱ्या, प्रयोगशाळांत मानसशास्त्राच्या वैज्ञानिक सहायकाची जागा असते, हे आपल्याकडच्या फार थोड्या मुलांना ठाऊक असतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत एचआरला जाता येतं, पण तिथं एम.बी.ए.वाल्यांशी गाठ असते.

एक सावधगिरी. नोकरी करत दूरस्थ पद्धतीनं एम.ए. करायचा विचार असेल तर थांबा. यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली आहे. तीन महिन्यांत 'समुपदेशक' करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देण्याआधी या कागदावर नेमकी कोणती नोकरी मिळते, एवढं विचारा.

आता भाषेबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त कष्ट तिथं पडले. पुस्तकं इंग्रजी, अहवाल इंग्रजी, आणि समोर बसलेला माणूस म्हणतो, "डोक्यात निसता भुंगा फिरायलाय." कुणी म्हणतं मन लागंना, कुणी म्हणतं बाहेरचं झालंय. नैराश्य हा शब्द माझ्या ओपीडीत क्वचितच कुणाच्या तोंडून येतो. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन प्रश्न विचारतात, तेव्हा कागदावरचा प्रश्न त्यांना त्या गावच्या बोलीत फिरवून घ्यावा लागतो. आपण इथलेच आहोत, ही बोली आपल्याला येते. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढं इंग्रजीमुळं मान खाली घालणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावं. पण येते म्हणून ऐकायला जमतंच असंही नाही, त्याचा सराव लागतो.

तसंच हंगामाचं. बीडच्या माणसाला जानेवारीत फेरतपासणीला बोलावलं तर तो ऊसतोडीच्या फडावर असतो, शेकडो किलोमीटर लांब. गोळ्या मध्येच सुटतात. मी आता दसऱ्याच्या आधीच विचारते, "टोळी कधी निघतीय?" आणि डॉक्टरांशी बोलून त्याप्रमाणं औषधांची सोय लावते. सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून देते, फडावरूनही मराठीत बोलता येतं म्हणून.

या सुट्टीत तुमच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात जा. कॉलेजचं पत्र न्या आणि रुग्णांची परवानगी घेऊन आठ दिवस कोपऱ्यात बसू द्या म्हणा. बोलू नका, ऐका. त्या आठ दिवसांत तुम्हाला कंटाळा आला तरी तो उपयोगाचा आहे, वाट बदलायला अजून वेळ असतो.

केजचा तो मुलगा पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी परत तपासला गेला आणि त्याला प्रमाणपत्र मिळालं. त्याची आई ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला दाखवायला आली होती. खाली दुसऱ्या कुणाची तरी सही आणि नोंदणी क्रमांक होता. एम.फिल.चा फॉर्म मी त्याच आठवड्यात भरला.