जुन्या ट्रॅक्टरचं ढिलं स्टेअरिंग : बॉक्सचा स्क्रू आवळण्याआधी या चुका टाळा

स्टेअरिंगला प्ले, म्हणजे रिकामी हालचाल, आला की पहिला पाना लागतो तो स्टेअरिंग बॉक्सच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूला. स्क्रू अर्धा फेरा आवळला, स्टेअरिंग व्हील हाताला जरा घट्ट लागलं, की ट्रॉली जोडून ट्रॅक्टर रस्त्यावर. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे कितीतरी जुने ट्रॅक्टर असेच ‘दुरुस्त’ होऊन फिरत असतात. समोरून एसटी येते तेव्हा ट्रॅक्टर साईडला घेताना व्हील आधी रिकामं फिरतं आणि मग चाक वळतं. तेवढ्या रिकाम्या वेळात जीव जाऊ शकतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. इथे विषय साध्या, म्हणजे पॉवर नसलेल्या स्टेअरिंगचा आहे.

आधी प्ले मोजा. पुढची चाकं सरळ ठेवा, इंजिन बंद करा आणि व्हील बोटांनी हळूच डावी-उजवीकडे फिरवा. चाक हलायच्या आत व्हीलची कड किती सरकते ते टेपने बघा. साधारण एक ते दोन इंचांपर्यंत ठीक, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेला आकडा हाच खरा. त्याहून जास्त असेल तर दोष शोधायचा, आणि तो शोधायला दोन माणसं लागतात.

एकट्याने तपासणं

व्हीलवर बसलेल्या माणसाला खाली काय हलतंय ते दिसत नाही, आणि खाली बसलेल्याचा हात व्हीलपर्यंत पोचत नाही. एकाने वर बसून व्हील थोडंथोडंच, प्ले संपेपर्यंत, मागे-पुढे करत राहायचं. दुसऱ्याने प्रत्येक जोडावर हात ठेवत जायचं: ड्रॉप आर्म (बॉक्समधून खाली येणारा दांडा), ड्रॅग लिंकची (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, स्टेअरिंग आर्म (चाक वळवणारा दांडा), टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं. अंगठा अर्धा बॉल जॉइंटच्या (कपात फिरणाऱ्या गोळ्याच्या जोडाच्या) कपावर आणि अर्धा आर्मवर ठेवला की दोन्ही एकत्र सरकतात की एक आधी आणि दुसरा मागून, ते लगेच कळतं. डोळ्याला न दिसणारा प्ले अंगठ्याला सापडतो.

असं हाताने का शोधायचं, तर खालचा थोडासा प्ले वर फार मोठा होऊन दिसतो. बॉक्सचं गुणोत्तर 15 ला 1 आहे, म्हणजे व्हील 15 अंश फिरलं की ड्रॉप आर्म 1 अंश फिरतो, आणि ड्रॉप आर्मची लांबी व्हीलच्या त्रिज्येइतकी आहे असं धरा. मग ड्रॅग लिंकच्या जॉइंटमधला 1 मि.मी. प्ले व्हीलच्या कडेला 15 मि.मी. होतो. असे दोन जॉइंट झिजले की सव्वा इंच झाला, आणि बॉक्समध्ये दोष काहीच नसतो. म्हणून तपासणी नेहमी चाकापासून सुरू करून वर बॉक्सकडे यायचं.

चाक हललं की लगेच बेअरिंग बदलणं

पुढचा भाग उचलून चाकाला वर आणि खाली धरून हलवलं की खटखट जाणवते. मिस्त्री म्हणतो बेअरिंग गेलं. पण तीच खटखट स्पिंडलच्या, म्हणजे चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं त्याच्या, बुशातूनही येते. पुढच्या चाकांना ब्रेक नसल्यामुळे मोटारीसारखा ब्रेक दाबून फरक कळत नाही, तो डोळ्यानेच बघावा लागतो. एकाने चाक हलवायचं, दुसऱ्याने आतून बॅटरी मारून बघायचं. हब (चाकाचा मधला भाग) हलतोय आणि स्पिंडल जागेवर आहे, तर दोष बेअरिंगचा. हबसोबत स्पिंडलसुद्धा एक्सलच्या नळीत डुलतोय, तर बुश गेला.

बेअरिंग नुसतं ढिलं असेल तर कॅसल नट (खाचांचा नट) चाक फिरवत फिरवत चाक जड लागेपर्यंत आवळा, मग थोडा मागे घेऊन पहिल्या खाचेत नवी स्प्लिट पिन घाला. जुनी पिन सरळ करून परत वापरू नका. नट कचकचून आवळून ठेवला तर बेअरिंग तापून जळतं.

बुश बदलताना होणारी एक चूक तर हमखास दिसते. बुशाला ग्रीससाठी भोक असतं आणि ते एक्सलच्या निपलच्या भोकासमोरच यायला हवं. घाईत बुश थोडा फिरून आत ठोकला की भोक बंद होतं. मग पुढे किती का ग्रीस मारा, ते स्पिंडलपर्यंत पोचतच नाही आणि बुश लवकरच पुन्हा वाजायला लागतो. बुश आत बसला की तो किंचित आवळतो, म्हणून त्याला रीमर (भोक गोल वाढवायचं हत्यार) मारूनच स्पिंडल घालायचा. घासकागदाने वाढवलेला बुश गोल राहत नाही.

ग्रीस मारतानाही चाक जमिनीवरून उचललेलं असावं. ट्रॅक्टरचं वजन स्पिंडलवर असताना थ्रस्ट वॉशरच्या (वजन पेलणाऱ्या चकतीच्या) फटीत ग्रीस शिरत नाही, नुसतं वरून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं भरलं.

बॉल जॉइंटमध्ये पत्रा, आर्मला वेल्डिंग

झिजलेल्या बॉल जॉइंटच्या कपात डब्याचा पत्रा कापून घालणं, बॉलच्या मागे वॉशर ठोकणं हे प्रकार अजून चालतात. आठवडाभर व्हील घट्ट वाटतं. पण बॉल एका बाजूने झिजलेला असतो. सरळ चालताना तो बरोबर वाटतो आणि वळणावर अडकतो, किंवा कपातून निसटतो. टाय रॉडचा जॉइंट निसटला की दोन्ही चाकं दोन दिशांना जातात. जॉइंट काही फार महाग वस्तू नाही. बदलायचाच.

काढताना आटे असलेल्या टोकावर घण घालू नका. नट सैल करून दोन-तीन आट्यांवर ठेवा. ज्या आर्ममध्ये जॉइंटचा टेपर (निमुळता दांडा) बसलाय त्या आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने दणका द्या. दोन-चार दणक्यांत टेपर सुटतो आणि आटे शाबूत राहतात. नवा बसवताना टेपर आणि भोक दोन्ही स्वच्छ, कोरडे पुसा. भोक लांबट झालं असेल तर नवा जॉइंट त्यात कधीच धरणार नाही, आर्म बदलावा लागेल. आणि जुना जॉइंट रॉडमधून किती फेऱ्यांत सुटला ते मोजून नवा तेवढाच आत घाला, म्हणजे टो-इन (पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) फार बिघडत नाही. एका टोकाला उलटे आटे असतात, हे लक्षात ठेवा.

वेल्डिंगबद्दल मात्र मला कडकच बोलायचंय. ड्रॉप आर्मच्या आतले दाते झिजले की काही ठिकाणी आर्म थेट शाफ्टलाच वेल्ड करून टाकतात. हा शाफ्ट कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने कडेला त्याचं पोलाद ठिसूळ होतं आणि बारीक तडा जातो. तो तडा रंगाखाली, मातीखाली दिसत नाही. एक दिवस खड्ड्यात चाक आदळतं आणि आर्म तुटून लोंबतो, हातात नुसतं व्हील राहतं. असं वेल्ड केलेलं स्टेअरिंग जुन्या ट्रॅक्टरच्या सौद्यात दिसलं, तर आर्म आणि शाफ्ट दोन्ही नवे धरूनच किंमत बोला.

मग बॉक्स

खालचं सगळं ठाकठीक असूनही प्ले उरला तर बॉक्सकडे वळा. तिथेही आधी बॉक्सचे फाउंडेशन बोल्ट बघा. बॉक्सच्या कडेला तेलकट धुळीत ताजी, चकचकीत रेघ दिसत असेल तर बॉक्सच बूडातून हलतोय. व्हील आपल्या शाफ्टच्या दात्यांवर ढिलं नाही ना, हेही बघा.

आता तो स्क्रू. रिसर्क्युलेटिंग बॉलच्या (आत गोळ्या फिरणाऱ्या) बॉक्समध्ये सरळ चालीच्या मधल्या जागी दाते मुद्दाम जास्त जवळ ठेवलेले असतात, दोन्ही टोकांकडे ते थोडे सैल असतात. झीजही मधेच जास्त होते, कारण ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळ चालतो. चाकं वळलेली असताना स्क्रू आवळला तर सरळ येताना व्हील अडकतं. आणि मधला प्ले पार शून्य करायच्या नादात जास्त आवळला तर दात्यांवर ताण येऊन ते लवकर जातात. पद्धत अशी: ड्रॅग लिंक सोडा. व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे जातं ते मोजून बरोबर निम्म्यावर आणा. व्हील वर-खाली उचलून बघा. उभा प्ले असेल तर वर्म शाफ्टच्या (बॉक्समधल्या, व्हीलसोबत फिरणाऱ्या शाफ्टच्या) बेअरिंगचे शिम (पातळ पत्रे) आधी कमी करायचे. त्यानंतरच लॉकनट सोडून स्क्रू थोडाथोडा आवळायचा, दर वेळी व्हील टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघायचं. मधून जाताना किंचित जड लागलं की थांबा आणि लॉकनट घट्ट करा.

ड्रॉप आर्म काढण्याआधी शाफ्टवर आणि आर्मवर छिन्नीने खूण करा. एक दाता इकडे-तिकडे बसला तरी बॉक्सचा मध्य आणि चाकांचा मध्य जुळत नाही. फर्ग्युसनच्या घडणीवरून आलेल्या जुन्या मॅसी ट्रॅक्टरमध्ये बॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक ड्रॉप आर्म असतो, तिथे दोन्ही आर्मवर खूण हवी. त्यात मधला टाय रॉड नसतो, दोन्ही लिंकच्या लांबीवरच टो-इन ठरतं.

बॉक्सचं सील गळतं म्हणून त्यात तेलाऐवजी ग्रीस कोंबणं ही तर घरोघरची चूक. बॉल फिरताना ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि परत जागेवर वाहून येत नाही, त्यामुळे बॉल कोरडेच पळतात. सील बदला आणि पुस्तकात सांगितलेलं गिअर ऑइल भरा, बहुतेक जुन्या बॉक्सला 90 नंबरचं लागतं.

जो दोष स्टेअरिंगचा नाही

ट्रॅक्टर सरळ चालत नाही, सारखा इकडे-तिकडे ओढतो, पण व्हीलला प्ले नाही. अशा वेळी एक्सलची सेंटर पिन तपासा. पुढचा भाग चेसिसखाली आधार देऊन उचला आणि पहार घालून एक्सल पुढे-मागे रेटून बघा. जॅक इंजिनच्या ऑइल पॅनखाली कधीही लावू नका. एक्सल पिनवर डुलतो, त्यामुळे जॅक एक्सलखाली लावणार असाल तर एक्सल आणि वरच्या सपोर्टच्या मधे दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका, मागच्या चाकांना दगड लावा, आणि ओंडक्याचा भक्कम आधार दिल्याशिवाय खाली हात घालू नका.

दोन्ही पुढच्या टायरमधली हवा कमी-जास्त असली तरी ट्रॅक्टर ओढतो. आणि ट्रॉली प्रमाणाबाहेर भरली की पुढचा भाग हलका होतो, चढावर चाकं नुसती जमिनीला टेकलेली असतात. हे कुठल्याच पान्याने दुरुस्त होणार नाही. भार कमी करावा लागेल, पुढे वजनं लावावी लागतील.

काम संपलं की टो-इन मोजा: हबच्या उंचीला दोन्ही चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून, आणि फरक पुस्तकाप्रमाणे आणा. मग टाय रॉडचे क्लॅम्प, लॉकनट, स्प्लिट पिना एकदा हाताने चाचपून पाहा. पहिल्या दिवशी रिकामा ट्रॅक्टर शेतातल्या रस्त्यावर चालवा, दोन-तीन तासांनी ड्रॉप आर्मचा नट आणि बॉक्सचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि त्यानंतरच ट्रॉली जोडा.