वावरातून आणलेली आजारी मांजर: आधी ऊब, मग खाणं

वावरात नाहीतर कोठ्यात मरगळलेली मांजर सापडली की लोक पहिले दुधाची वाटी ठेवतात, तसं करू नका बाप्पा, गायी-म्हशीचं दूध बऱ्याच मांजरींना पचत नाही आन् हगवण लागली की अंगातलं उरलंसुरलं पाणीबी जाते. अंग थंड लागत असलं तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटाजवळ ठेवा, ऊब आल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.

मांजर वासावर खाते. सर्दीनं नाक चोंदलं की समोरचं खाणंबी तिला समजत नाही, म्हणून ओल्या कापसानं नाकाची खपली भिजवून हळूच पुसा, मग उकडलेलं चिकन बारीक कुस्करून कोमट असतानाच द्या, मीठ कांदा लसूण अजिबात नको. पाणी बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं थेंब थेंब पाजा, उताणी करून कधीच नाही, फुफ्फुसात जाते.

घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, एका गोळीनं जीव जाऊ शकते! दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट न पाहता तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात न्या, उपाशी मांजरीचं लिव्हर लवकर बिघडते.