‘माझा प्रवास’मधून १८५७ ची टिपणे कशी काढावीत

आधी प्रत तपासा. ‘माझा प्रवास’ ही विष्णुभट गोडसे वरसईकर या भिक्षुकाने १८५७ च्या बंडात उत्तरेत केलेल्या प्रवासाची हकिकत. त्यांनी ती लिहिली १८८३ मध्ये, ती छापली गेली १९०७ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर. त्या आवृत्तीत संपादक चिंतामणराव वैद्यांनी भाषा आणि मजकूर दोन्हींत फेरफार केले होते. मूळ मोडी बाडावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली प्रत १९६६ ची. अभ्यासाला हीच घ्या. बाजारातली स्वस्त पुनर्मुद्रणे बहुधा वैद्यांच्या पाठाची असतात, म्हणून प्रस्तावना वाचल्याशिवाय विकत घेऊ नका.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: पाहिले, ऐकले, मागाहून कळले. प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारायचा, त्या दिवशी गोडसे कुठे होते? त्यासाठी महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, काशी असा त्यांचा मार्ग नकाशावर आधीच मांडून ठेवा. झाशीचा वेढा आणि त्यानंतरचे बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, ‘पाहिले’मध्ये जाते, कारण ते तटाच्या आत होते. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी ओंजळीने पाणी पिणारी राणी लक्ष्मीबाईही त्याच रकान्यात. पण जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी लढताना मारली गेली तेव्हा गोडसे तिथे नव्हते. तो मजकूर कितीही जिवंत वाटला तरी ‘ऐकले’मध्येच लिहा. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, कारण लेखणी दोन्हीकडे सारखीच रसाळ चालते.

‘ऐकले’चा रकाना मात्र टाकाऊ समजू नका. कलकत्त्याला राजेरजवाड्यांची सभा भरवून सरकारने धर्माविरुद्ध चौऱ्याऐंशी कलमे पुढे ठेवली, असे गोडसे सांगतात. अशी सभा झालीच नव्हती. तरीही ही नोंद मोलाची आहे: शिपायांना आणि वाटसरूंना काय खरे वाटत होते, ते इंग्रजी दप्तरापेक्षा इथे जवळून दिसते. घटनेचा पुरावा म्हणून ती बाद, अफवेचा पुरावा म्हणून पक्की.

तारखांचे गणित सावकाश करा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शकवर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या ज्या तिथी १ जानेवारीला किंवा त्यानंतर पडतात, त्यांना ७९. खरा घोळ महिन्याचा. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. इंग्रज झाशीत घुसले तो ३ एप्रिल १८५८ आपल्या पंचांगात चैत्र वद्यात पडतो, तर तिकडे वैशाखाच्या कृष्णपक्षात. शुद्धपक्षात फरक नाही. वद्य तिथी आली की ती कुठल्या पद्धतीची, हे ठरवल्याशिवाय इंग्रजी तारीख लिहू नका. पंधरा दिवस नव्हे, पुरा महिना चुकतो.

संवाद अवतरणचिन्हांत उतरवून ‘राणी म्हणाली’ असे लिहू नये. मध्ये पंचवीस वर्षे गेली आहेत. ‘गोडशांच्या आठवणीप्रमाणे’ असे लिहून आशय द्या. मेलेल्यांचे आकडेही तसेच, लेखकाच्या नावासह.

शेवटी दुसरी बाजू जोडा. झाशीला वेढा घालणारे इंग्रज सेनापती सर ह्यू रोज यांच्या फौजेतले डॉक्टर थॉमस लो यांचे मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेवरचे पुस्तक १८६० चे, म्हणजे घटनेला अगदी लागून. ते तटाबाहेरून लिहितात, गोडसे आतून. वेढ्याचा एकेक दिवस दोघांकडून समोरासमोर मांडा. तोफा आणि फौजेच्या हालचाली लो यांच्याकडे नेमक्या सापडतात. गल्लीत, घरात, लपलेल्या माणसांवर काय गुजरले, ते गोडशांकडेच.