व्हाइट रिम रोडवर उतरण्याआधी

अमेरिकेतल्या युटा राज्यात, कॅनियनलँड्स नॅशनल पार्कमध्ये आयलंड इन द स्काय नावाचं पठार आहे. त्याच्या कड्याखालून, पांढऱ्या वालुकाश्माची धार धरून जाणारा व्हाइट रिम रोड सुमारे १६० किलोमीटरचा. १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधापायी तो काढला गेला. आजही वाटेत पिण्याचं पाणी नाही, पेट्रोल नाही, फोनला रेंज मिळाली तर नशीब. गाडी अडकली तर ती ओढून आणायचं बिल हजार डॉलरच्या वर सहज जातं. त्यामुळे सगळी तयारी जवळचं गाव मोआब सोडण्याआधी पुरी झालेली हवी.

आधी परवाना. एका दिवसात फेरी मारायची असली तरी तो लागतोच. मुक्काम करणार असाल तर तळाची जागा आरक्षित करावी लागते, आणि एका जागेवर फार तर तीन गाड्या व १५ माणसं चालतात. वसंत आणि शरद ऋतूतल्या जागा काही महिने आधीच संपतात. परवान्याचा कागद छापून घ्या. कुत्रा घरी ठेवा. या रस्त्यावर तो गाडीत बसवूनही नेता येत नाही. एका दिवसात ही फेरी होते, पण मग दिवसभर नुसतं स्टिअरिंग धरून बसावं लागतं. दोन रात्री ठेवा.

गाडी पोट जमिनीपासून उंच असलेली आणि लो रेंज (संथ वेगात जास्त जोर देणारे गिअर) असलेली फोर-व्हील ड्राइव्हच हवी. ऑल-व्हील ड्राइव्ह पुरत नाही, कारण पठारावरून खाली नेणाऱ्या शेफर ट्रेल या वळणावळणाच्या रस्त्याच्या सुमारे ४५० मीटर उतारावर वेग इंजिनाने रोखायचा असतो. सतत ब्रेक दाबत उतरलात तर ते तापतात आणि खालच्या वळणांवर पेडल दाबूनही पकड येत नाही. फोर-लो (म्हणजे लो रेंज), पहिला गिअर, पाय ब्रेकवरून बाजूला. भाड्याची गाडी घेणार असाल तर करार नीट वाचा: विमानतळावरच्या बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्याला मनाई करतात. त्यापेक्षा मोआबमध्ये याच कामासाठी मिळणारी जीप घ्या.

सर्वात जास्त वेळ टायरना द्या, कारण इथे बहुतेक गाड्या टायरपायीच अडतात. सकाळी, टायर थंड असताना हवा मोजा. डांबर संपलं की हवेचा दाब ३६ पीएसआयवरून साधारण २५ वर आणा. टायर दगडाला कवेत घेतो, खडखडाट कमी होतो, पकड वाढते. त्याहून फार खाली जाऊ नका. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बाहेर फुगते आणि कपारीची धार नेमकी तिथेच लागते. तळव्यातलं भोक प्लगने बुजतं, साइडवॉलची चीर बुजत नाही. म्हणून स्टेपनी पूर्ण मापाचीच हवी, आणि तिच्यातली हवाही मोजलेली हवी. ती तपासायची हमखास राहून जाते. चाकाच्या नटांना कुलूप असेल तर त्याची चावी कुठे आहे ते आत्ताच बघा. जॅक वाळूत रुततो, तेव्हा त्याच्याखाली घालायला ३० सेंटिमीटर चौरस, दोनेक सेंटिमीटर जाड प्लायवूडचा तुकडा न्या. हवा भरायचा कंप्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कंप्रेसर लावला की फ्यूज उडतो. घराच्या अंगणात एकदा चाक काढून परत बसवा, म्हणजे पाना पुरतो की नाही ते कळेल.

ओढायचा पट्टा लोखंडी हूक नसलेला हवा. तो गाडीच्या चेसिसवरच्या रिकव्हरी पॉइंटलाच (ओढण्यासाठी दिलेल्या मजबूत कडीलाच) अडकवा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही. झटक्याने गोळा तुटतो आणि गोळीसारखा येतो. सोबत फावडं, हातमोजे आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवा, एक कागदीही ठेवा.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला चार लिटर, उन्हाळ्यात सहा. दोघे, तीन दिवस, वर एक दिवस राखीव: ३२ लिटर. रेडिएटर आणि अडीअडचणीसाठी आणखी १०. सगळं एकाच डब्यात नको, धक्क्यांनी एक फुटला तरी बाकीचे राहतात. ग्रीन नदी दिसते, पण तिच्या पाण्यात एवढा गाळ असतो की फिल्टर तुंबतो. पेट्रोलची टाकी मोआबमध्ये गळ्यापर्यंत भरा. लो रेंजमध्ये गाडी नेहमीपेक्षा बरंच जास्त पिते. जादा कॅन नेलात तर तो गाडीच्या आत ठेवू नका.

जेवणात चूल कमीत कमी लागेल असं बघा. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडीचे लाडू टिकतात. लाकडाची शेकोटी पेटवायला बंदी आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरातही रात्री पारा एक आकडी होतो, तेव्हा पांघरूण जाडच घ्या. जड सामान खाली, सीटच्या पाठीशी, पट्ट्याने आवळून; टपावर फक्त हलकं. तळांवर संडास आहेत, मधल्या वाटेवर नाहीत, म्हणून पिशव्यांचं किट आणि कचऱ्याची घट्ट पिशवी सोबत हवी. गाडी रस्त्याबाहेर घालू नका. बाजूची काळी, खडबडीत माती जिवंत आहे, तिच्यात सूक्ष्म जीव असतात, आणि एका चाकाचा चरा भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

निघायच्या दिवशी सकाळी व्हिजिटर सेंटरमध्ये दोन गोष्टी विचारा: पाऊस, आणि ग्रीन नदीची पातळी. वसंताच्या अखेरीस बर्फ वितळून नदी फुगते, तेव्हा फेरीच्या शेवटच्या टप्प्यात, नदीकाठच्या पोटॅटो बॉटमजवळ पाणी रस्त्यावर येतं. ही बातमी शेफरकडून शंभरेक किलोमीटर गाडी हाकल्यावर कळली तर तेवढंच अंतर परत फिरावं लागतं. पावसात शेफरची माती साबणासारखी होते, तेव्हा वाट बघा. जुलै ते सप्टेंबरात आभाळ दूरवर काळं दिसलं तरी कोरड्या ओढ्यात गाडी उभी करू नका, लांबच्या पावसाचा लोंढा अचानक येतो.

मर्फी हॉगबॅक आणि हार्डस्क्रॅबल हे दोन चढ एकेरी आणि तीव्र. आधी एकाने चालत वर जावं, समोरून कोणी येत नाही ना ते बघावं आणि मगच खालच्याला खूण करावी. चढणाऱ्या गाडीला वाट देण्याची रीत इथे पाळतात.

फेरीच्या शेवटी पठारावर परत नेणारी मिनरल बॉटमची वळणं चढून डांबर लागलं की लगेच थांबा आणि चाकांत हवा भरा. कमी हवेवर वेगाने पळवलं की साइडवॉल तापून फाटते. हवा भरता भरता प्रत्येक चाकाचे नट पान्याने तपासा. तीन दिवसांच्या खडखडाटात एखादा तरी सैल झालेला असू शकतो.