कॅलिफोर्नियात बेकारी भत्ता आणि पगारी कौटुंबिक रजा: तारखा सांभाळा

दोन्ही अर्ज ईडीडीकडेच (कॅलिफोर्नियाच्या रोजगार विकास खात्याकडे) जातात, नियम मात्र वेगळे आणि एकाच काळासाठी दोन्ही मिळत नाहीत. नोकरी गेली की त्याच आठवड्यात बेकारी भत्त्याचा अर्ज करा. दावा त्या आठवड्याच्या रविवारपासून धरतात. पहिला पात्र आठवडा बिनपैशाचा असतो, तरी त्याची माहिती भरावीच लागते. पुढे दर 2 आठवड्यांनी प्रमाणपत्र (त्या काळातल्या कामाची आणि कमाईची माहिती) भरायचे. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो: किरकोळ कामाची कमाई पैसे हातात आले त्या आठवड्यात नव्हे, तर काम केले त्या आठवड्यात दाखवायची, तीही कर कापण्याआधीची. चुकलात तर जादा मिळालेली रक्कम परत मागतात.

कौटुंबिक रजेचा (नवे बाळ किंवा आजारी नातेवाईक यांच्यासाठी घेतलेल्या रजेतल्या भत्त्याचा) अर्ज रजा सुरू होण्याआधी नको, पण सुरू झाल्यापासून 41 दिवसांच्या आत हवा. 12 महिन्यांत जास्तीत जास्त 8 आठवडे, तुकड्यातुकड्यानेही घेता येतात. पगारातून एसडीआय (राज्याच्या अपंगत्व विम्याचा हप्ता) कापला जात असेल तर एच-1बीवरच्या आईबाबांनीही संकोच करू नये, व्हिसा इथे आड येत नाही. मात्र हा भत्ता नोकरी राखून ठेवत नाही. ते संरक्षण वेगळ्या कायद्यांत आहे, म्हणून कंपनीला रजेचे स्वतंत्रपणे लेखी कळवा. नकार आलाच तर पत्रावरच्या तारखेपासून 30 दिवसांत अपील करा.