कवडसा बुजवा, दिवा राहू द्या: पीडीटीला निघण्याआधीची तयारी

अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे पीडीटी (आधी औषध टोचायचं, मग लेसरच्या उजेडानं गाठ मारायची), ठरली की घरचे लेसरची तारीख धरून तयारीला लागतात. तारीख धरायची ती इंजेक्शनची. पोर्फिमर सोडियम शिरेतून आत गेलं की पेशंटची कातडी आणि डोळे उजेडाला हळवे होतात, आणि हा हळवेपणा किमान 30 दिवस, कधी 90 दिवस टिकतो. हे औषध गाठीत साठतं, पण कातडीतही उरतं. त्यावर उजेड पडला की तिथल्या ऑक्सिजनचं पेशी मारणारं रूप तयार होतं. गाठीत तेच हवं असतं, पण गालावर झालं तर सूज येते, भाजल्यासारखे फोड उठतात.

म्हणून कोल्हापुरातून उपचारासाठी पुण्या-मुंबईला निघण्याआधी घर बघून ठेवा. पेशंटची खाट जिथं असेल तिथं सकाळी 8, दुपारी 1 आणि संध्याकाळी 5 ला उभं राहून ऊन कुठवर येतं ते जमिनीवर खडूनं मांडा. पेठांतल्या कौलारू घरात मधेच एखादं काचेचं कौल असतं. त्यातून पडणारा ताटाएवढा कवडसा दिवसभरात सोप्यातून खाटेवर सरकत येतो. ते कौल वरून पोतं आणि पत्रा टाकून झाका. फ्लॅट असेल तर पश्चिमेची खिडकी आधी धरा. अंबाबाईच्या किरणोत्सवात, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात पोचतात, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. थंडीतलं तेच तिरपं ऊन तुमच्या खोलीतही पार मागच्या भिंतीपर्यंत जातं. पडदा जाड हवा आणि खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद हवा.

इथं एक चूक हमखास होते: भीतीपोटी खोली पार अंधारी केली जाते. तसं करू नका. घरातल्या साध्या, पसरलेल्या उजेडानं कातडीत उरलेलं औषध हळूहळू निकामी होत जातं. ट्यूबलाइट लावा, टीव्ही बघू द्या. टाळायचा तो हॅलोजन, चेहऱ्याजवळचा उघडा बल्ब आणि दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीवरचा दिवा.

सनस्क्रीनवर पैसे घालवू नका. ते अतिनील किरणं अडवतं, आणि हे औषध तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानं जागं होतं. तो उजेड खिडकीच्या काचेतून येतो, आषाढातल्या ढगांतूनही येतो. कापड मात्र अडवतं, पण घट्ट विणीचं हवं: शर्ट ट्यूबलाइटसमोर धरा, नळी दिसली तर तो शर्ट बाजूला ठेवा. पूर्ण बाह्या, मोजे, हातमोजे आणि चारी बाजूंनी रुंद काठाची टोपी घ्या. गांधी टोपीनं कान आणि मान उघडी राहतात. गॉगल 4 टक्क्यांपेक्षा कमी उजेड आत सोडणारा हवा; चष्म्याच्या दुकानात तो आकडा विचारूनच घ्या. हे सगळं इंजेक्शनच्या दिवशी बॅगेत असलं पाहिजे.

आधी रेडिएशन झालं असेल तर फाइलमध्ये ते संपल्याची तारीख ठळक लिहा, कारण त्यानंतर पीडीटीआधी साधारण 4 आठवडे जावे लागतात. चालू गोळ्यांच्या पाकिटांसकट यादी द्या. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची अँटिबायोटिक्स, बीपीच्या थायझाइड गोळ्या आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइड उन्हाचा त्रास वाढवू शकतात. मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. कोडासाठी बावचीचं तेल किंवा चूर्ण चालू असेल तर ते न लपवता सांगा. बावचीत सोरालेन असतं आणि तेही उजेडानंच काम करतं. पोर्फिरिया, म्हणजे रक्ताचा लाल रंग बनण्यातला बिघाड, असेल किंवा अन्ननलिकेतून श्वासनलिकेत भोक पडलेलं असेल, तर हा उपचार करत नाहीत. लिव्हर किंवा किडनी कमजोर असेल तर जपायचे दिवस लांबतात.

वजन त्याच आठवड्यात करा. गिळता येत नसलेल्या माणसाचं वजन भराभर उतरतं आणि मात्रा किलोमागे 2 मिलिग्रॅम असते. 58 किलोला 116 मिलिग्रॅम, म्हणजे 75 च्या दोन कुप्या. इंजेक्शन 3 ते 5 मिनिटांत सावकाश देतात. सुई टोचलेल्या जागी जळजळलं तर लगेच सांगा. औषध बाहेर झिरपलं तर ती जागा वेगळी झाकून ठेवावी लागते.

लेसर इंजेक्शननंतर 40 ते 50 तासांनी. सोमवारी सकाळी 10 ला इंजेक्शन दिलं तर ही वेळ बुधवारी पहाटे 2 ते दुपारी 12 येते. दुपारी 4 ला दिलं तर बुधवारी सकाळी 8 ते संध्याकाळी 6. दुसरी वेळ सोयीची, आधीच विचारून घ्या. 630 नॅनोमीटरचा लाल उजेड दुर्बिणीतून साडेबारा मिनिटं देतात. गरज पडली तर इंजेक्शनपासून 96 ते 120 तासांनी पुन्हा, म्हणून मुक्काम आठवड्याचा धरा. नंतर छातीत दुखतं, आतून सूज येते आणि गिळणं काही दिवस आधीपेक्षाही अवघड होतं. पेज, ताक, गार दूध यांची सोय ठेवा. तांबडा रस्सा नको. श्वास अडकतोय असं वाटलं तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

परतीचा प्रवास रात्रीचाच. महालक्ष्मी एक्स्प्रेस उजाडल्यावर कोल्हापुरात पोचते, त्यापेक्षा उजाडायच्या आत दारात येईल अशी गाडी ठरवा.

औषध वेगळं असेल तर दिवसही वेगळे. डोळ्याच्या पडद्यासाठीच्या वर्टेपोर्फिननंतर 5 दिवस जपायचं असतं. डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव आणि इंजेक्शनची तारीख लिहून घ्याच.

30 दिवस झाले की कागदी पिशवीला दोन इंचाचं भोक पाडा, पिशवी हातावर चढवा आणि तेवढीच कातडी 10 मिनिटं उन्हात धरा. चेहऱ्यावर ही चाचणी करू नका, डोळ्यांभोवतीची कातडी जास्त नाजूक असते. 24 तासांत लाली, सूज, फोड नसेल तर थोडं थोडं बाहेर पडा. काही उठलं तर आणखी 2 आठवडे तसेच जपा आणि मग पुन्हा पिशवी काढा.